कबुतरांची सीडी आणि आजीची नथ

रेडिओवर चित्रांविषयी बोलायचं म्हणजे जरा गंमतच आहे. मला दाखवता येत नाही आणि तुम्हाला बघता येत नाही. पण मी तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवलं. न दिसणाऱ्या गोष्टींबद्दल बोलायची सवय आहे, म्हणून हे धाडस करते.

सुरुवात एका फोटोपासून करू. १९४१ सालचा, पुण्यातल्या एका स्टुडिओत काढलेला. खुर्चीवर आजोबा, शेजारी नऊवारीतली आजी, नाकात नथ, आणि तिच्या पदराला धरून उभे असलेले सात वर्षांचे माझे मामा. आजीचा हा एकुलता एक फोटो. पुढच्याच वर्षी ती गेली. आम्हा नातवंडांपैकी कुणीच तिला पाहिलेलं नाही. हा फोटो मामांच्या कल्याणच्या घरी भिंतीवर होता. २००४ च्या दिवाळीत मी तो हट्टानं मागून आणला, ओळखीच्या फोटोवाल्याकडून स्कॅन करून घेतला आणि परत नेऊन दिला. फोटोवाल्यानं हातात एक सीडी ठेवली. तिच्यावर एकच फाइल होती, नावाच्या शेवटी ‘टिफ’. साधारण १३ मेगाबाइट.

त्या वेळी आमच्याकडे सेकंडहँड संगणक होता, ४ जीबी हार्ड डिस्कचा. ही फाइल उघडायची म्हणजे चहा टाकून यावा, मग बसावं. मला तो शुद्ध उधळेपणा वाटला. एका फोटोला १३ मेगाबाइट? मी ती फाइल उघडली, ‘जेपीजी’ म्हणून जतन केली, तर ती एक मेगाबाइटच्याही आत आली. पडद्यावर दोन्ही फोटो अगदी सारखे दिसत होते. मग मोठी फाइल संगणकावर ठेवायची कशाला? टाकली काढून. सीडीही बरेच दिवस टेबलावर पडून होती. शेवटी ती बाल्कनीत दोऱ्याला टांगली. चकाकी बघून कबुतरं येत नाहीत म्हणतात.

कबुतरं येतच राहिली, तो भाग वेगळा. पण त्या दिवशी मी काय केलं, हे मला पाच वर्षांनी कळलं. ते नीट सांगायचं, तर चित्राची फाइल म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागेल.

संगणकाला चित्र म्हणजे ठिपक्यांची रांगोळी. आधी ठिपके मांडायचे, मग प्रत्येक ठिपक्यात रंग भरायचा. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग तीन आकड्यांत सांगतात : लाल किती, हिरवा किती, निळा किती. प्रत्येक आकडा शून्य ते २५५ मधला आणि त्याला जागा लागते एक बाइट. म्हणजे एका ठिपक्याला तीन बाइट. माझा फोटो २४०० ठिपके रुंद आणि १८०० ठिपके उंच होता. ठिपके झाले ४३ लाख २० हजार. गुणिले तीन, म्हणजे सुमारे १ कोटी ३० लाख बाइट. हेच ते १३ मेगाबाइट. त्यात उधळेपणा काही नव्हता. फोटो तपकिरी पडलेला होता, म्हणून फोटोवाल्यानं रंगीत स्कॅन केला होता आणि प्रत्येक ठिपक्याचा हिशेब जसाच्या तसा लिहून ठेवला होता.

असा सगळा हिशेब लिहून ठेवण्याची साधी पद्धत म्हणजे विंडोजबरोबर घरोघरी आलेली ‘बीएमपी’. ज्यांनी फ्लॉपी वापरली आहे, त्यांना हिचा त्रास आठवत असेल. त्या वेळच्या पडद्याएवढं चित्र, म्हणजे १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचं, बीएमपीत ठेवलं तर सुमारे साडेतेवीस लाख बाइट होतात. फ्लॉपीत मावायचे पावणेपंधरा लाखाच्या आत. एक चित्र एका फ्लॉपीत बसत नसे!

तेव्हा चित्र लहान करणं, म्हणजे दाबून बसवणं, ही चैन नव्हती, गरज होती. आणि दाबून बसवायचे दोन मार्ग आहेत. हे दोन वेगळे आहेत एवढं जरी आजच्या बोलण्यातून लक्षात राहिलं, तरी मला पुष्कळ झालं.

पहिला मार्ग घडी घालण्याचा. नऊवारी साडीची घडी केली तर ती कपाटात बसते, उलगडली तर पुन्हा नऊ वार भरते. एक वीतही कमी होत नाही. चित्राची घडी कशी घालतात? समजा पांढऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या आहेत. वरच्या कोऱ्या जागेसाठी ‘पांढरा, पांढरा, पांढरा’ असं आठशे वेळा लिहिण्याऐवजी ‘पांढरा, आठशे वेळा’ लिहिलं की झालं. प्रत्यक्षातली युक्ती याहून चतुर असते, पण जात हीच. पुनरावृत्ती शोधायची आणि ती थोडक्यात सांगायची. उलगडताना एकही ठिपका बदलत नाही.

दुसरा मार्ग कात्रीचा. जे कुणाच्या लक्षात येणार नाही ते कापून टाकायचं. कापलेलं परत येत नाही.

घडीच्या पद्धतीतलं सर्वांत गाजलेलं नाव म्हणजे ‘गिफ’. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी कंपनीत स्टीव्ह विल्हाइट यांच्या गटानं ते १९८७ मध्ये तयार केलं. विल्हाइट स्वतः त्याचा उच्चार ‘जिफ’ करत आणि इतरांना दुरुस्तही करत, पण लोकांनी ऐकलं नाही. गिफमध्ये एका चित्रात जास्तीत जास्त २५६ रंग बसतात. मंडळाचं बोधचिन्ह, नकाशा, आलेख यांना तेवढे पुरतात. माणसाच्या गालावरची सावली दाखवायला पुरत नाहीत, तिथे नकाशातल्या जिल्ह्यांसारखे पट्टे उमटतात. मात्र गिफमध्ये अनेक चित्रं एकामागून एक दाखवायची सोय होती. त्या हलत्या चित्रांनी हे नाव अमर केलं. आज मोबाईलवर सुप्रभाताच्या निरोपाबरोबर जी समई लवलवते, तिला आपण गिफच म्हणतो. बऱ्याचदा ती प्रत्यक्षात छोटा व्हिडिओ असते.

गिफच्या बाबतीत एक भानगड झाली. त्यातली घडी घालण्याची रीत लेम्पेल, झिव्ह आणि वेल्च या तिघांच्या नावावर आहे आणि तिचं पेटंट युनिसिस कंपनीकडे होतं. १९९४ च्या डिसेंबरात, म्हणजे जगभर गिफ रुळल्यावर, गिफ वापरणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी परवाना शुल्क मागितलं जाणार असं जाहीर झालं. सार्वजनिक विहिरीचा दोर खासगी निघावा तसा प्रकार! काही उत्साही जाणकारांनी मग १९९५ मध्ये एकत्र येऊन नवी, सर्वांना मोफत अशी पद्धत बांधली. तीच ‘पीएनजी’. १९९६ मध्ये तिला अधिकृत मान्यता मिळाली. गिफचं अमेरिकेतलं पेटंट २००३ मध्ये संपलं, पण तोवर पीएनजीनं पाय रोवले होते. तिच्यात रंगांची २५६ ची मर्यादा नाही, घडी उलगडली की सगळं जागेवर, शिवाय चित्राचा काही भाग आरपार ठेवता येतो. मंडळाच्या पत्रिकेवर बोधचिन्हाभोवती पांढरा चौकोन येतो ना? ते चिन्ह पीएनजीत, मागची बाजू आरपार ठेवून बनवलेलं नसतं म्हणून. मोबाईलच्या पडद्याचा फोटो, ज्याला आपण स्क्रीनशॉट म्हणतो, किंवा अक्षरांचं चित्र ठेवायचं असेल तर मी पीएनजी घेते.

टिफ ही मुद्रण व्यवसायातली मंडळी. ती आल्डस कंपनीनं १९८६ मध्ये आणली. तिच्यात घडी घालूनही ठेवता येतं, न घालताही. आजही ग्रंथालयं आणि संग्रहालयं जुनी हस्तलिखितं स्कॅन करतात तेव्हा मूळ प्रत बहुधा टिफमध्ये ठेवतात आणि लोकांना बघायला जेपीजी देतात. माझ्या फोटोवाल्यानं मला संग्रहालयाची वागणूक दिली होती आणि मी ती कबुतरांना दिली.

आता जेपीजी, म्हणजेच जेपेग. ही कात्रीची पद्धत. पण ती कात्री चालवणारा शिंपी फार हुशार आहे, म्हणून इथे जरा थांबते. आणि खरं सांगायचं तर इथे थांबण्यात माझा स्वार्थही आहे. अकरावीच्या वर्गात कोसाइनचे आलेख काढत असताना दरवर्षी एक तरी मुलगा विचारायचा, ‘‘मॅडम, याचा पुढे उपयोग काय?’’ मी पूल, वीज, ध्वनी असं काहीतरी सांगत असे. योग्य उत्तर त्या मुलाच्या पिढीच्या खिशात येणार होतं, हे मला ठाऊक नव्हतं.

नासिर अहमद हे मूळचे बंगळूरचे अभियंते. तिथेच शिकून अमेरिकेत गेले आणि कॅन्सस राज्य विद्यापीठात शिकवू लागले. कुठलीही लहर कोसाइनच्या साध्या लहरींत विभागून चित्राची माहिती आटोपशीर करता येईल, असं त्यांना वाटत होतं. १९७२ मध्ये त्यांनी या संशोधनासाठी तिथल्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितलं. मिळालं नाही. कल्पना फारच सोपी आहे, अशा अर्थाचा एका परीक्षकाचा शेरा होता, ही आठवण अहमद यांनी पुढे स्वतःच लिहिली आहे. तरी त्यांनी काम सोडलं नाही. टी. नटराजन हे त्यांचे विद्यार्थी आणि के. आर. राव हे सहकारी. या तिघांचा निबंध जानेवारी १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. तिन्ही नावं आपल्याकडची. पुढे १९८६ मध्ये छायाचित्रांसाठी जगभरातल्या तज्ज्ञांची एक संयुक्त समिती नेमली गेली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं म्हणजेच ‘जेपेग’. १९९२ मध्ये जे मानक ठरलं त्याच्या पोटात हाच कोसाइनचा हिशेब आहे.

तो चालतो असा. चित्राचे आठ गुणिले आठ, म्हणजे चौसष्ट ठिपक्यांचे चौकोन पाडायचे. बुद्धिबळाच्या पटासारखे. प्रत्येक चौकोनात उजेड कसा कमी-जास्त होतो ते बघायचं. तंबोऱ्याच्या एका तारेत जसा मूळ स्वर असतो आणि त्याच्यावर बारीक बारीक स्वर उमटतात, तसं इथेही असतं. आधी त्या चौकोनाचा सरासरी उजेड, मग सावकाश चढणारी-उतरणारी छटा, मग भराभर बदलणारा बारीक पोत. चौसष्ट ठिपक्यांचे चौसष्ट आकडे गेले आणि त्याऐवजी चौसष्ट लहरींचे आकडे आले. अजून वाचलं काहीच नाही. पण आता एक गोष्ट उघड होते. आकाश, भिंत, गाल, साडीचा पदर अशा जागी बारीक लहरींचे आकडे अगदी लहान असतात, आणि आपल्या डोळ्याला त्या बारीक लहरींतला फरक फारसा कळतही नाही.

मग शिंपी कात्री काढतो. वाण्याच्या हिशेबात ४७ रुपये ६३ पैशांचे ४८ रुपये होतात, तसे हे आकडे पूर्णांकात बसवायचे. मोठ्या लहरींना बारीक माप लावायचं, बारीक लहरींना ढोबळ. त्यात बहुतेक लहान आकड्यांचं शून्य होतं. शून्यांची रांग लिहायला जागा लागतच नाही, ‘इथून पुढे सगळी शून्यं’ म्हटलं की काम झालं. जतन करताना ‘दर्जा’ म्हणून जी सरकपट्टी दिसते, ती म्हणजे हे माप किती ढोबळ ठेवायचं त्याचा काटा.

रंगाच्या बाबतीत तर याहून मोठी काटकसर आहे. डोळा आकार ओळखतो तो उजेड-सावलीवरून. रंगाचा बारकावा त्याला तेवढा लागत नाही. जुने स्टुडिओवाले कृष्णधवल फोटो हातानं रंगवायचे, आठवतं? गालाला गुलाबी, साडीला हिरवा, असा पातळ रंग फिरवायचे. तो रंग कडेबाहेर थोडा गेला तरी फोटो झकास दिसे, कारण रेषा खालच्या काळ्या-पांढऱ्या फोटोची असायची. जेपेग हेच करतं. उजेड प्रत्येक ठिपक्याचा वेगळा ठेवतं आणि रंग बहुधा शेजारच्या चार ठिपक्यांत मिळून एक. आजच्या मोबाईलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके, न दाबता ३६ मेगाबाइट होतो. जेपेगमध्ये तो तीन-चार मेगाबाइटमध्ये बसतो आणि साध्या डोळ्यांना फरक दिसत नाही. माझा २००४ मधला आनंद अगदीच मूर्खपणाचा नव्हता.

ही पद्धत फसते कुठे? अक्षरांवर. पांढऱ्यावरून एकदम काळं, असा ठिपक्या-ठिपक्याला उडी मारणारा मजकूर म्हणजे सगळ्या बारीक लहरीच. त्या कापल्या की देवनागरीच्या शिरोरेषेभोवती चिलटं घोंगावल्यासारखे करडे डाग दिसतात. सातबाराचा किंवा जुन्या पत्राचा फोटो इकडून तिकडे चार वेळा फिरला की अक्षरं सुजलेली दिसतात ती यामुळे.

चार वेळा फिरला म्हणजे काय, हेही स्पष्ट करायला हवं, कारण याबद्दल गैरसमज फार आहेत. जेपेग फाइल नुसती उघडून बघितली तर काही झिजत नाही. हजार वेळा बघा. एका पेन ड्राइव्हवरून दुसऱ्यावर नक्कल केली तरी झिजत नाही, ती अक्षरशः तीच फाइल असते. झीज होते ती फाइल उघडून, काही बदल करून, पुन्हा जेपेग म्हणून जतन केल्यावर. कडेची दोन बोटं कापली की बुद्धिबळाचा पट सरकतो, चौकोन नव्यानं पडतात आणि आधीच ढोबळ केलेले आकडे पुन्हा ढोबळ होतात. अठ्ठेचाळीसचे पन्नास. आणि मोबाईलवर निरोप पाठवायची ॲप्स बहुधा पाठवतानाच फोटो लहान करून, नव्यानं दाबून पाठवतात. घरातल्या गटातून मावशीकडे, मावशीकडून मामेबहिणीकडे, तिथून परत असा फिरलेला फोटो आणि मूळ फोटो हे एक नसतात. हाच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर सहसा जसाच्या तसा जातो.

आता २००४ च्या हिवाळ्यात मी काय केलं ते ऐका. रोज रात्री जेवणं झाल्यावर मी आजीचा फोटो उघडून बसत असे. एका रात्री मधली घडीची रेघ पुसली. एकदा फोटो जरा उजळ केला. एकदा तिरपा वाटला म्हणून अंशभर फिरवला, मग कडा कापल्या. दर वेळी त्याच नावानं जतन. सरकपट्टी मुद्दाम मधोमध ठेवलेली, कारण फाइल लहान झाली की मला कांदे स्वस्त मिळाल्यासारखं वाटे. एकदा पडद्यावर पार्श्वभूमी म्हणून लावायला तो ८०० ठिपक्यांचा केला आणि सवयीनं तेच नाव दिलं. चूक लक्षात आल्यावर पुन्हा २४०० ठिपक्यांचा करून टाकला. मला वाटलं, झालं पूर्ववत! पण मोठा करताना संगणक मधले ठिपके अंदाजानं भरतो. गेलेले ठिपके तो कुठून आणणार?

मग आला २००५ चा २६ जुलै. मामांचं घर तळमजल्यावर. पाणी खिडकीच्या वर गेलं. माणसं वरच्या मजल्यावर सुखरूप होती, एवढं बरं. पाणी ओसरल्यावर भिंतीवरच्या तसबिरी काढल्या तेव्हा फोटोचा चेहऱ्याकडचा भाग काचेला चिकटून निघून आला. ‘‘तुझ्याकडे आहे ना गं काँप्युटरवर?’’ मामांनी विचारलं. मी म्हटलं, ‘‘आहे मामा, अगदी साफसूफ केलेला आहे.’’

२००९ मध्ये मामांची पंचाहत्तरी होती. आजीचा फोटो पंधरा इंची करून हॉलमध्ये लावायचा असं ठरलं. मी मोठ्या ऐटीत फाइल घेऊन गेले. फोटोवाल्यानं ती पडद्यावर मोठी केली आणि काही बोलला नाही. आजीचा गाल म्हणजे चौकोनी फरश्या. नाकाजवळ नथीच्या जागी एक पिवळट डाग. ती नथ होती की फोटोवरचा डाग, हे आधी माहीत नसतं तर सांगता आलं नसतं. ‘‘मी टिफ दिली होती ना तुम्हाला?’’ तो हळूच म्हणाला. घरी येऊन बाल्कनीतली सीडी काढली, पुसली, तीन संगणकांत घालून पाहिली. पाच वर्षं उन्हापावसात लटकलेली सीडी ती. कुठेच वाचली गेली नाही.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, आता सगळे मोबाईलवरच फोटो काढतात, हे दुखणं जुनं झालं. तसं नाही. अलीकडेच आमच्या शेजारची मुलगी परीक्षेचा अर्ज भरताना रडकुंडीला आली होती. शेवटची तारीख, रात्रीचे दहा. फोटो ‘जेपीजी’ हवा, २० ते ५० केबी, असं अर्जात लिहिलेलं. तिनं नव्या फोनवर फोटो काढला होता, तो ‘एचईआयसी’ निघाला. ही नवी पद्धत ॲपलच्या फोनमध्ये २०१७ पासून आली. जेपेगपेक्षा साधारण निम्म्या जागेत तसाच फोटो ठेवते, पण सगळीकडे चालत नाही. हिनं काय केलं? फाइलच्या नावाचं शेपूट पुसून तिथे ‘जेपीजी’ लिहिलं. अर्ज काही तो फोटो घेईना.

शेपूट बदलणं म्हणजे तेलाच्या बरणीवर तुपाची चिठ्ठी लावणं. आतला पदार्थ बदलत नाही. आणि संगणक पुष्कळदा चिठ्ठी न वाचता आतला वास घेतो. बीएमपी फाइलच्या आत अगदी पहिली दोन अक्षरं ‘बी’ आणि ‘एम’ असतात, गिफच्या सुरुवातीला ‘जीआयएफ’ ही अक्षरं आणि पुढे आवृत्तीचा आकडा असतो, पीएनजीत पहिल्या खुणेनंतर ‘पीएनजी’. प्रत्येक पद्धतीचं असं गोत्र आतच लिहिलेलं असतं. त्यामुळे फाइल उघडून, दुसऱ्या पद्धतीनं जतन करूनच बदलावी लागते. गूगलनं २०१० मध्ये आणलेल्या ‘वेबपी’लाही हेच लागू. संकेतस्थळावरून उतरवून घेतलेलं चित्र बऱ्याचदा हीच जात निघतं आणि जुन्या सॉफ्टवेअरला ओळखू येत नाही.

तिचा फोटो मग जेपीजी केला, तर भरला तीन मेगाबाइट. आता ५० केबीत बसवायला ती सरकपट्टी पार खाली ओढू लागली. चेहऱ्याच्या फरश्या होऊ लागल्या. मी म्हटलं, थांब. पट्टीला हात लावू नकोस, आधी ठिपके कमी कर. अर्जावरचा फोटो २०० गुणिले २३० ठिपक्यांचा असला तरी चालणार होता. ते झाले ४६ हजार ठिपके. न दाबताच १३८ केबी, चांगल्या दर्जाचं जेपेग केलं की ५० च्या आत सहज. ‘‘कॉपी वेगळ्या नावानं ठेव हं,’’ हे मी तिला तीनदा सांगितलं. अकरा वाजून पाच मिनिटांनी अर्ज गेला.

छपाईचा हिशेबही असाच ठिपक्यांचा आहे. चांगल्या छपाईला इंचाला ३०० ठिपके धरतात. भिंतीवर लांबून बघायच्या फोटोला २०० ही चालतात. फ्लेक्सवाल्याचं भागतं त्याहूनही पुष्कळ कमीवर, कारण तो फलक आपण रस्त्यापलीकडून बघतो. लग्नपत्रिकेवरचा गणपती मात्र कितीही मोठा केला तरी फुटत नाही. तो ठिपक्यांचा नसतोच. ‘इथून तिथे अशी वळणदार रेघ’ असं सूत्र फाइलमध्ये लिहिलेलं असतं आणि दर वेळी ती रेघ नव्यानं काढली जाते. एसव्हीजी किंवा डीटीपीवाल्यांच्या सीडीआर फाइली या जातीच्या. फोटोला ही युक्ती लागू नाही. आजीच्या चेहऱ्याचं सूत्र कोण लिहिणार?

त्या वेळी मला आठवण झाली माझ्या धाकट्या बहिणीची. ती कॅनडात असते. सीडी घरी आली त्याच दिवशी, पुसापुशी सुरू होण्याआधी, मी तिला ई-मेलनं फोटो पाठवला होता. फोनच्या तारेवरचं इंटरनेट, मिनिटांचा हिशेब, म्हणून १०२४ ठिपक्यांचा करून. तेव्हा तिनं रागावून कळवलंही होतं की किती लहान पाठवलास! २००९ मध्ये तिला विचारलं तर तिनं ते पत्र पाच वर्षं जपून ठेवलेलं निघालं. जोडलेली फाइल जशीच्या तशी, मूळ टिफवरून एकदाच दाबलेली.

इंचाला २०० ठिपके धरले तर १०२४ ठिपक्यांचे होतात पाच इंच. पंचाहत्तरीला हॉलमध्ये पंधरा इंची फोटोच्या जागी पाच इंचांची चौकट ठेवली. मधली घडीची रेघ तशीच आहे, फोटो अंशभर तिरपाही आहे. मामांनी चष्मा वर करून, अगदी डोळ्यांजवळ नेऊन पाहिला. ‘‘नथ दिसतेय गं,’’ म्हणाले.

ती फाइल आता चार ठिकाणी आहे. टिफमध्येही करून ठेवली आहे. त्यानं गेलेलं परत येत नाही, पण यापुढे कुणी काही करायला गेलं तर तिथून पुढे तरी झीज नको. मामा गेल्यावर ती चौकट माझ्याकडे आली. मागच्या पुठ्ठ्यावर मी पेन्सिलनं लिहिलंय : मूळ फाइल, नोव्हेंबर २००४. हात लावू नये. दुरुस्ती करायची ती नक्कल काढून.